दोष कोठें आहे?

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती कशी बिघडली याचा विचार करण्यापूर्वीं ती कोणीं बिघडविली हाच विचार आपल्या मनांत प्रथम येतो. कप फुटला कीं 'कोणीं फोडला?' हा पहिला प्रश्न. तो टेबलाच्या काठावर कोणीं ठेविला होता, हें बहुधा कोणी विचारीत नाहीं. मी गेलीं वीस वर्षें शिक्षकाचें काम करीत आहें. मुलांस कार्यकारणभाव समजावून सांगणें हा माझा नित्याचा व्यवसाय. असें असूनहि २०२५ सालच्या जून महिन्याच्या आरंभीं माझ्या घरीं इंटरनेट बंद पडलें, तेव्हां मी या सामान्य मोहास कसा बळी पडलों, व त्यांतून पुढें काय शिकलों, हें आमच्या शाळेच्या वार्षिकांत प्रामाणिकपणें सांगावें असें मनांत आल्यावरून हा लेख लिहीत आहें.

आमचें घर मिरजेच्या जुन्या वस्तींत आहे. भिंती दगडी असून चांगल्या हातभर जाडीच्या आहेत. उन्हाळ्यांत त्या घर थंड ठेवितात, म्हणून वडिलांच्या वेळेपासून आम्हांस त्यांचा अभिमान. परंतु वाय-फायच्या लहरींचें त्यांच्याशीं मुळींच जमत नाहीं. कंपनीची फायबरची तार बाहेरच्या खोलींत येते. तेथेंच कंपनीनें दिलेला राउटर भिंतीस टांगलेला आहे, व त्याच्याखालीं टेबलावर घरचा संगणक केबलनें जोडलेला आहे. मी वह्या तपासावयास बसतों तें माजघर मात्र दोन भिंतींच्या पलीकडे. तेथें लहरी पोंचत त्या अगदीं क्षीण होऊन. या लहरींचे दोन प्रकार सर्वत्र वापरांत आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकीं पार होतात, पण त्यांवरून माहिती संथ जाते, आणि शेजाऱ्यांचे राउटर व स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह यांचा त्यांस उपद्रव फार. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून माहिती वेगानें जाते, पण जाड भिंत आडवी आली कीं त्या लौकर थकतात. आमच्या माजघरांत दोन्ही प्रकारांनीं हात टेकले होते.

मे महिन्याच्या सुटींत मीं यावर एक उपाय केला. पूर्वीं घेतलेला एक जुना राउटर कपाटांत धूळ खात पडला होता. तो पुसून मीं माजघरांतील उंच कपाटावर ठेविला, बाहेरच्या राउटरपासून एक लांब केबल आणून त्यांत खोंचली, आणि बाहेरच्या वाय-फायचेंच नांव व तोच पासवर्ड त्यास दिला. माजघरांत मोबाइलवरील चिन्ह पूर्ण भरलेलें दिसूं लागलें. मीं तें पत्नीस मोठ्या प्रौढीनें दाखविलें, आणि चार दिवसांत ही गोष्ट विसरूनहि गेलों.

त्याच महिन्याच्या अखेरीस माझा भाचा आमच्याकडे राहावयास आला. तो जत तालुक्यांतील एका खेड्यांतला. दहावीची परीक्षा चांगल्या गुणांनीं उतरून आतां मिरज किंवा सांगली येथें अकरावीस प्रवेश घ्यावा असें त्याच्या मनांत होतें. त्या वर्षापासून महाराष्ट्रांत अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले होते. प्रथम अर्ज भरावयाचा, मग हव्या असलेल्या महाविद्यालयांचा पसंतिक्रम द्यावयाचा, आणि गुणांप्रमाणें जागा मिळावयाची. खेड्यांतील मुलास हें सारें नवीन. माझ्या बहिणीनें फोनवर सांगितलें, "दादा, तुझ्याकडे संगणक आहे, इंटरनेट आहे. तूं जवळ बसून त्याचा अर्ज भरून घे." मीं तिला होकार दिला, आणि काळजी करूं नकोस असेंहि सांगितलें.

त्या वर्षीं पावसानें घाई केली. मे महिना सरण्यापूर्वींच तो येऊन ठेपला होता. अर्जाची मुदत संपावयास एक दिवस उरला असतां संध्याकाळीं विजांसह मोठी सर आली, आणि लाइट गेली. तासाभरानें लाइट आल्यावर आम्ही दोघे संगणकापुढें बसलों. पण इंटरनेट येईना. जोडणी आहे, इंटरनेट नाहीं, अशा अर्थाचें वाक्य पडद्यावर दिसूं लागलें. भाच्यास वापरावयास दिलेला माझा जुना लॅपटॉप वाय-फायवर होता. त्याचीहि तीच गत.

मी स्वतःस विचारी मनुष्य समजतों, म्हणून विचारपूर्वकच चुकलों. प्रथम मीं राउटरकडे पाहिलें. फायबरची तार तुटली, किंवा फार वांकून तिच्यांतील उजेड गळूं लागला, म्हणजे राउटरवरील एल.ओ.एस. नांवाचा दिवा तांबडा होतो. तो तांबडा नव्हता; शेजारचा पॉन नांवाचा दिवा स्थिर हिरवा होता. म्हणजे कंपनीची तार शाबूत. मग पत्नीचा मोबाइल पाहिला. त्यावर सर्व कांहीं सुरळीत चाललें होतें. म्हणजे वाय-फायहि ठीक. आतां बिघडलेलीं यंत्रें राहिलीं दोन, आणि हीं दोन्हीं यंत्रें आठवडाभर माझा भाचा हाताळीत होता. एवढ्या पुराव्यावर मीं निकाल देऊन टाकिला.

"खरें सांग," मी म्हणालों, "तूं यांत काय खटपट केलीस? कोणता खेळ उतरवून घेतलास?"

"मामा, मीं कांहीं केलें नाहीं."

"केलें नाहींस, तर आपोआप बिघडलें काय?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "मामा, राउटरच्या चिठ्ठीवर शेवटीं एक टिंब एक असें आहे. संगणकांत मात्र शून्य टिंब एक दिसतें. तें तसेंच असतें काय?"

"मला शिकवूं नकोस. विचारलें तेवढेंच सांग."

यापुढें तो बोलला नाहीं. मोबाइलवरून अर्ज भरतां येईल काय, असें त्यानें मामीस विचारलें. तें मीं ऐकलें, आणि "मोबाइलवर चुका होतात, आधीं हें दुरुस्त होऊं दे" असें म्हणून तेंहि उडवून लाविलें. रात्रीं तो अर्धी भाकरी टाकून उठला. पत्नीनें मजकडे एकदां पाहिलें, पण ती कांहीं बोलली नाहीं. तिचें न बोलणें मला समजलें होतें. परंतु त्या वेळीं मी राउटर बंद करून पुन्हां चालू करण्यांत गुंतलों होतों.

रात्रीं अकरापर्यंत मीं काय काय केलें, त्याची यादी आतां आठवली म्हणजे लाज वाटते. राउटर पांच वेळां बंद-चालू केला. कंपनीच्या तक्रार-क्रमांकावर फोन केला. तेथील बाईंनीं नम्रपणें सांगितलें कीं तुमच्या घरापर्यंतची लाइन चांगली आहे. आणि मीं त्यांच्यावरहि विश्वास ठेविला नाहीं. संगणकांतील व्हायरस अडविणारा प्रोग्राम काढून टाकिला, केबल बदलली, आणि कांहीं आंकडेहि बदलले. आणि हें सर्व एकाच वेळीं. समजा, यांतील एखाद्या गोष्टीनें गुण आला असता, तरी तो कशानें आला हें मला कळलें नसतें. आजाऱ्यास एकाच घोटांत चार वैद्यांचीं औषधें पाजावीं, त्यांतलाच हा प्रकार.

दुसऱ्या दिवशीं मी उशिरा उठलों, तों भाचा घरांत नव्हता. मामीकडून पैसे घेऊन, कागदपत्रांची पिशवी काखेस मारून तो बाजारांतल्या एका दुकानीं गेला होता. त्या दुकानावर 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी आहे. तेथें रांगेंत दोन तास उभा राहून त्यानें अर्ज भरला, आणि दुपारीं भिजत परत आला. अर्जाचा छापील कागद त्यानें टेबलावर माझ्या दृष्टीस पडेल असा ठेविला, व मुकाट्यानें माजघरांत जाऊन बसला. अर्ज वेळेवर गेला. परंतु ज्या कामासाठीं बहिणीनें त्याला माझ्या हवालीं केलें होतें, त्या कामांत माझा हात नव्हता. उलट त्याच्या वाटेंतला अडथळा काय तो मीच झालों होतों.

तो कागद हातांत घेऊन बसलों असतां मला आमच्या शाळेंतील शास्त्राच्या सरांची आठवण झाली. विजेच्या घंटेचा धडा ते प्रयोगशाळेंत शिकवीत. एके दिवशीं घंटा वाजेना. आम्ही मुलें एकदम "घंटा बिघडली!" म्हणून ओरडलों. सरांनीं घंटेस हातहि लाविला नाहीं. दोन तारा जोडलेला एक लहानसा बल्ब घेऊन त्यांनीं तो प्रथम बॅटरीस लावून पाहिला, पेटला. मग बॅटरीपासून निघालेल्या तारेच्या दुसऱ्या टोंकास लाविला, पेटला. मग बटणाच्या पलीकडे लाविला, पेटला नाहीं. बटण उघडलें, तों आंतील पितळी पट्टीवर कीट चढलेलें. कानशीनें पट्टी घासतांच घंटा वाजूं लागली. सर म्हणाले, "जेथवर दिवा पेटतो तेथवर दोष नाहीं. जेथें विझतो तेथें शोधा. घंटेला उगीच शिव्या देऊं नका." हाच धडा मी स्वतः कित्येक वर्षें शिकवीत आलों आहें, घरीं मात्र त्याची आठवण व्हावयास एक रात्र गेली.

मीं एक कोरा कागद व पेन्सिल घेतली, आणि कागदावर एका रेघेंत साखळी लिहिली: संगणक, केबल, राउटर, फायबर, कंपनी, बाहेरील जग. सरांच्या बल्बचें काम येथें पिंग नांवाचा एक लहान प्रोग्राम करितो. माइक मूस या अमेरिकन गृहस्थानें तो १९८३ सालच्या डिसेंबर महिन्यांत लिहिला. नेटवर्क कोठें अडतें तें कळेना, हीच त्याचीहि अडचण होती. पाण्यांत आवाज सोडून त्याचा पडसाद ऐकून पाणबुडीचा ठाव घेतात, त्या सोनार यंत्राच्या आवाजावरून हें नांव पडलें. ज्या पत्त्यास हांक मारावयाची तो लिहावा. तेथील यंत्र जागें असेल व वाट मोकळी असेल, तर उत्तर येतें, आणि तें किती मिलिसेकंदांत आलें हेंहि दिसतें. कांहीं यंत्रें अशा हांकेस मुद्दाम ओ देत नाहींत, एवढें मात्र ध्यानांत ठेवावें लागतें.

आतां पत्ता म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. इंटरनेटवरील यंत्रें एकमेकांस आंकड्यांनीं ओळखतात. नेहमींच्या प्रकारच्या पत्त्यांत चार आंकडे असून मध्यें टिंबें असतात. घरांतील यंत्रांचे पत्ते बहुधा १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होतात. ते खाजगी वापरासाठींच राखून ठेविलेले आहेत. घरांतून बाहेर जाण्याचा जो दरवाजा, म्हणजे राउटर, त्याच्या पत्त्यास गेटवे म्हणतात. माणसांस आंकडे लक्षांत राहत नाहींत, म्हणून नांवावरून आंकडा शोधून देणारी डी.एन.एस. नांवाची निराळी सोय पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं रचली. म्हणून बाहेरचा आंकडा हांकेस उत्तर देतो, पण नांव लिहिलें असतां पान उघडत नाहीं, असें झाल्यास वाट ठीक असून दोष या नांवांच्या सोयींत आहे असें समजावें.

मी जवळून दूर जाऊं लागलों. केबलच्या तोंडाशीं असलेला बारीक दिवा लुकलुकत होता, तेथवर ठीक. मग आयपीकॉन्फिग हा हुकूम देऊन संगणकास कोणता पत्ता मिळाला आहे तें पाहिलें. तो पत्ता १६९.२५४ नें सुरू होणारा असता, तर संगणकास कोणींच पत्ता दिला नाहीं व त्यानें तो स्वतःच कल्पून घेतला, असा अर्थ झाला असता. आमच्या संगणकास १९२.१६८.०.१०२ हा पत्ता मिळालेला होता, आणि गेटवे १९२.१६८.०.१ होता. या गेटवेस हांक मारली. तत्काळ उत्तर आलें. मग बाहेरच्या जगांतील ८.८.८.८ या पत्त्यास हांक मारली. हा गूगल कंपनीचा असून २००९ सालापासून सर्वांस खुला आहे. तेथून उत्तर आलें नाहीं. म्हणजे दिवा विझला तो गेटवेच्या पलीकडे.

पण मग पत्नीचा मोबाइल कसा चालत होता? आदल्या रात्रीं ज्याच्या साक्षीवर मीं निकाल दिला, त्या साक्षीदाराची उलटतपासणी आतां प्रथमच झाली. मीं मोबाइलवरील सिमचा डेटा बंद केला. तत्क्षणीं त्याचेंहि इंटरनेट गेलें. वाय-फायवर जोडणी असून इंटरनेट नसेल, तर मोबाइल गुपचूप सिमच्या डेटावरून आपलें काम चालवून घेतो. आपणांस कांहीं सांगत नाहीं. तेव्हां बिघडलेलीं यंत्रें दोन नव्हतीं. घरांतील सर्वच होतीं. भाच्याविरुद्धचा सारा खटला या एका गोष्टीनें ढांसळला.

मीं कागदावर लिहिलेले आंकडे पुन्हां वाचले, आणि त्या मुलाचे शब्द कानांत उमटले: चिठ्ठीवर एक टिंब एक, संगणकांत शून्य टिंब एक. खुर्चीवर उभा राहून मीं कंपनीच्या राउटरवरील चिठ्ठी वाचली. तिच्यावर स्पष्ट १९२.१६८.१.१ असें छापलें होतें. मग ज्यानें माझ्या हांकेस इतक्या तत्परतेनें उत्तर दिलें तो १९२.१६८.०.१ कोण? या घरांत राउटर तर एकच. आणि मग मला माजघरांतील कपाट आठवलें.

मी माजघरांत गेलों. भाचा कपाटाखालींच पुस्तक घेऊन बसला होता. स्टुलावर चढून मीं तो जुना राउटर खालीं घेतला व उलटा केला. त्याच्या पाठीवरील पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर १९२.१६८.०.१ असें छापलेलें होतें. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा ही म्हण मीं मुलांस अनेकदां समजावून दिली आहे. यापुढें तिचें उदाहरण मला दुसरीकडे शोधावें लागणार नाहीं.

घडलें होतें तें असें. घरांतील यंत्रांस पत्ते वांटण्याचें काम राउटर करितो. या कामास डी.एच.सी.पी. म्हणतात. नवें यंत्र जागें झालें कीं तें सर्वांस उद्देशून ओरडतें, "मला कोणी पत्ता देईल काय?" जो प्रथम उत्तर देईल, त्याचाच पत्ता तें बहुधा घेतें. माझ्या जुन्या राउटरलाहि हें काम येत होतें, आणि तें बंद करावयास मी विसरलों होतों. परीक्षेच्या दिवशीं शाळेच्या दारांत दोन शिपाई उभे राहून आसनक्रमांकाच्या चिठ्ठ्या वांटीत आहेत, आणि त्यांतील एकाच्या चिठ्ठीवरील खोली या शाळेंत नाहींच, असें झालें तर जो गोंधळ होईल, तोच येथें झाला. जुन्या राउटरला बाहेरच्या जगाची वाट नव्हती, पण विचारावयास येणाऱ्या प्रत्येकास तो मोठ्या अगत्यानें सांगे, "बाहेर जावयाचें ना? माझ्या दारांतून जा."

मग मे महिन्यांत सर्व ठीक कसें चाललें? याचें कारण असें कीं, ओळखीचीं यंत्रें आपला पूर्वींचा पत्ता सहसा सोडीत नाहींत. ज्यानें तो दिला त्याच्याकडूनच मुदत वाढवून घेतात. लाइट गेली तेव्हां सर्वांची निद्रा एकदम लागली, आणि ती आली तेव्हां सर्वांस नव्यानें सुरुवात करावी लागली. जुना राउटर लहानसा. तो लौकर जागा झाला. कंपनीच्या राउटरला सावध होऊन कामास लागावयास दोन-तीन मिनिटें लागतात. तेवढ्यांत जुन्यानें सर्वांस पत्ते देऊन टाकिले. आणि यांतील सर्वांत खेदाची गोष्ट ही कीं, मीं ज्या ज्या वेळीं कंपनीचा राउटर बंद-चालू केला, त्या त्या वेळीं जुन्यास तीच संधि पुन्हां मिळाली. ज्यास मी उपाय समजत होतों, त्यानेंच रोग दृढ होत होता. सबंध रात्र मीं आपल्याच हातानें आपली चूक पांच वेळां केली होती.

मीं जुन्या राउटरची केबल काढली, संगणकास नवा पत्ता मागावयास लाविलें, आणि १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता येतांच अडकलेलीं सर्व पानें भराभर उघडलीं. हें सारें पांच मिनिटांचें काम. त्यानंतरचें काम मात्र मला जड गेलें. मोठ्या माणसानें लहानापुढें चूक कबूल करण्याची रीत आपल्याकडे फारशी नाहीं. आपण त्याला खाऊ आणून देतों, पाठीवरून हात फिरवितों, आणि समजावयाचें तें त्यानें समजून घ्यावें अशी अपेक्षा करितों. माझ्याहि मनांत तसें येऊन गेलें. परंतु आरोप मीं शब्दांत केला होता. तेव्हां तो मागेंहि शब्दांतच घेणें योग्य होतें. मीं भाच्यास हांक मारली, दोन्ही चिठ्ठ्या व माझा कागद त्याच्यापुढें ठेविला, आणि म्हणालों, "तूं काल सांगितलेंस तेंच खरें होतें. तूं कांहीं बिघडविलें नाहींस. मीं बिघडविलें, आणि ठपका तुझ्यावर ठेविला. माझी चूक झाली."

त्यानें कागद उचलून आंकडे नीट पाहिले. मग विचारलें, "म्हणजे मामा, या जुन्याला पत्ते वांटूं नकोस असें सांगतां येईल काय?"

आम्ही दोघांनीं मिळून तें केलें. जुन्या राउटरचें पत्ते वांटण्याचें काम बंद केलें, त्याला स्वतःला १९२.१६८.१.२ असा नव्या घरास शोभेलसा पत्ता दिला, आणि केबल पुन्हां जोडली. बटणें त्यानें दाबलीं. मी आंकडे वाचून दाखवीत होतों. त्या रात्रीं तो पोटभर जेवला. पुढें त्याला सांगलीस प्रवेश मिळाला, आणि आतां सुटीच्या दिवशीं तो घरीं आला म्हणजे आमचा जुना राउटर नीट वागतो कीं नाहीं याची चौकशी मला ऐकावी लागते.

इंटरनेट बंद पडणें ही कांहीं लाजिरवाणी गोष्ट नव्हे. त्याचा जन्मच मुळीं बिघाडानें झाला. १९६९ सालीं २९ आक्टोबरच्या रात्रीं अमेरिकेंत लॉस एंजलिस येथील विद्यापीठांतून दूरच्या स्टॅन्फर्ड संशोधनसंस्थेंतील संगणकास पहिला संदेश पाठविण्यांत आला. शब्द पाठवावयाचा होता 'लॉगिन'. एल हें अक्षर गेलें, ओ हें अक्षर गेलें, आणि पलीकडचा संगणक बंद पडला. दोन्ही टोंकांची माणसें टेलिफोनवर होतीं. प्रत्येक अक्षर पोंचलें काय, असें विचारून खात्री करून घेत होतीं. त्यामुळें काय पोंचलें व कोठें अडलें हें त्यांस नक्की ठाऊक होतें. सुमारें तासाभरांत त्यांनीं दोष दुरुस्त केला व तो शब्द पुरा पाठविला. मजजवळहि त्या रात्रीं दुसऱ्या टोंकास एक मनुष्य होता, आणि आपणांस काय दिसतें हें तो मला अक्षरशः सांगत होता. मीच फोन खालीं ठेवून दिला होता.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरींहि इंटरनेट केव्हां ना केव्हां बंद पडेल. तेव्हां जवळून दूर जा. एका वेळीं एकच गोष्ट बदला. जें पाहाल तें कागदावर लिहा. शेवटचा बदल कोणता झाला व तो आपणच केला होता काय, हें आधीं आठवा. जें यंत्र ठीक चालतें आहे असें वाटतें, त्याचीहि परीक्षा घ्या.

आणि माझ्या व्यवसायबंधूंस एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, ठपका ठेवण्याचा अधिकार आपणांस फार स्वस्तांत मिळालेला आहे. वर्गांत खडू फेंकला गेला, वही हरवली, प्रयोगाची नळी फुटली, कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चेहरा उभा राहतो. गेल्या जूनपासून तसा चेहरा दिसूं लागला म्हणजे मी खिशांतील पेन्सिल काढतों. कधीं कधीं दोष त्या मुलाचाच निघतो; पण जेव्हां निघत नाहीं, तेव्हां तें कळावयास रात्र जावी लागत नाहीं.